अर्ध्या फोटोतला पिकअप

बसा इथं, पंख्याखाली. चहा येतोय. तो येईस्तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. वीतभर लांबीच्या गाडीनं एका वकिलाची कशी जिरवली, त्याची. मधी बोलू नका, मला मंग धागा सापडत नाही.

काचीगुड्यात स्टेशनच्या मागं तातेराव राहतात. पंच्याहत्तरी गाठली, पण हात असा स्थिर की बघत राहावं. मूळचे नांदेडकडचे. विशीत हैदराबादला आले आणि जामबागच्या एका शाळेत ड्रायव्हर म्हणून चिकटले. शाळेकडं तेव्हा एक जुना अमेरिकन पिकअप होता, हिरवा, बेडकासारख्या डोळ्यांचा. धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी इंजिनिअरांनी आणलेला. ते गेले, गाडी लिलावात निघाली, शाळेनं घेतली. आता तिकडची गाडी, म्हणजे स्टिअरिंग डावीकडं. आपल्या रस्त्यावर डावीकडं बसून पुढच्या बसला ओलांडायचं म्हणजे जिवाशी खेळ, समोरचं काही दिसतच नाही. म्हणून उजवीकडच्या खिडकीत शाळेची आया बसायची, चतुराबाई. ती मुंडकं बाहेर काढायची, हात बाहेर काढायची. "चला, चला! थांबा, रिक्षावाला घुसला!" त्या हातावर भरवसा ठेवून तातेराव गाडी हाकायचे. दोन वर्षांनी त्यांनी तिच्याशीच लग्न केलं. ती अजून म्हणते, "माझा हात होता म्हणून तुम्ही जिवंत आहात." आणि तातेराव म्हणतात, "हौ, बाई."

पिकअप त्र्याऐंशी साली भंगारात गेला. त्या दिवशी तातेराव जेवले नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांना छोट्या गाड्या बनवायचा नाद लागला. किटच्या खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात, ते घासायचे, जोडायचे, रंगवायचे. हुबेहूब गाडी, फक्त वीतभर. बरकतपुऱ्यात अशा नादिष्टांचा एक क्लब आहे. डॉक्टर, बँकवाले, प्रोफेसर. ड्रायव्हर एकटे तातेराव. आणि क्लबचा सेक्रेटरी मकरंद वकील. जुनं घराणं, गोरा, गोड बोलणारा. शाळेचे जुने कारभारी बाळकृष्णराव, त्यांचा हा मुलगा. पिकअप भंगारात गेला तेव्हा चार वर्षांचा, त्यामुळं गाडी आठवायची बातच नाही. पण 'आमचा पिकअप' म्हणून सांगायचा सगळीकडं.

दोन वर्षांमागं तातेरावांनी तो पिकअप बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यातून बनवला. किट मिळत नव्हतं ना. आठ महिने बोटं कापून घेतली. प्रदर्शनात टेबलावर ठेवला आणि मकरंदनं तो उचलला.

"तातेराव, छान हं! पण हे असं नाही ठेवता येणार. शेजारी खऱ्या गाडीचा फोटो लागतो. फोटो नाही, किंवा गाडी फोटोशी जुळत नाही, तर टेबलावर जागा नाही. नियम आहे."

"हा नियम कधी झाला?"

"परवाच्या मीटिंगमध्ये. तुम्ही नव्हता."

"मला बोलावलंच नाही."

"असू द्या हो. नातवंडांना खेळायला होईल."

चार लोक हसले. गाडी गेली जिन्याखाली, चपलांच्या शेजारी. संध्याकाळी चतुराबाईनं ती काढली, पदरानं पुसली.

तरी तातेराव मान खाली घालून मकरंदकडं गेले. म्हणाले, "शहात्तर सालच्या गॅदरिंगचा फोटो तुमच्या अल्बमात आहे. बाळकृष्णसाहेब गाडीला टेकून उभे, मी आत बसलेला. त्याची कॉपी द्या."

"बघतो," मकरंद म्हणाला.

काय बघितलं ऐका. चार महिन्यांनी काचीगुड्याच्या चौकातून हिम्मतरावाचा फोन आला. हिम्मतराव फोटोंना फ्रेम करतो, तातेरावांचा जुना दोस्त.

"जय भीम तात्या. जरा दुकानात ये. तू पडलायस बघ माझ्या फरशीवर."

तातेराव गेले. मकरंदनं तोच फोटो फ्रेमला दिला होता. बाळकृष्णराव आणि त्यांच्या बाजूची अर्धी गाडी तेवढी ठेवा म्हणाला, बाकीचं कापा. कापलेला तुकडा हिम्मतरावानं टेबलावर ठेवला. पंचवीस-सव्वीस वर्षांचे तातेराव, दाट मिशा, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"मी म्हटलं त्याला, वकीलसाब, ह्यात माणूस आहे," हिम्मतराव सांगत होता. "तर म्हणतो, तो ड्रायव्हर आहे."

तातेरावांनी तुकडा वहीत ठेवला, वही पिशवीत. घरी येऊन चतुराबाईला एवढंच म्हणाले, "त्याला त्याच्याच नियमानं टेबलावरून उतरवीन. नाही उतरवलं तर ह्या हातात ब्रश धरणार नाही."

पण उतरवणार कसा? तिथंच गाडी अडली. आणि मंग गेल्या वर्षी ती बातमी आली.

जामबागेत सुरेशचं दुकान आहे, किटं विकतो. त्यानं क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, एक परदेशी कंपनी जुन्या पिकअपांची नवीन किटं काढतेय. चार गाड्या. त्यातली तिसरी आपलीच! तेच डोळे, तीच दोन तुकड्यांची पुढची काच. तातेरावांनी फोन नाकाला लावून बघितला. मंग चष्मा काढून डोळे पुसले. खाली मकरंदचा मेसेज, 'आमचा पिकअप! पहिलं किट माझं.' तातेरावांनी सुरेशला वेगळं सांगितलं, "दुसरं माझं."

मंग सुरू झालं वाट बघणं. तुम्हाला हैदराबादचा 'परसों' माहीत आहे ना? परसों म्हणजे परवा नाही. गेल्या जन्मापासून पुढच्या जन्मापर्यंत कधीपण. तातेराव रोज सकाळी चालत जामबागला.

"आया क्या रे?"

"परसों आता चाचा."

जहाज अडलं, कस्टममध्ये अडलं. दिवाळी गेली. तातेरावांना रात्रीसुद्धा ते खोकं दिसायचं. चतुराबाई म्हणायची, "लग्नाच्या टायमाला माझी एवढी वाट नाही बघितली."

"तू रोज शेजारीच बसायची."

जानेवारीत खोकी आली, दोनच. तातेरावांनी खोकं उघडलं, डॅशबोर्डचा भाग हातात घेतला आणि हसू आलं. स्टिअरिंग डावीकडं. बरोबर. काही बदलायचं नाही.

तिकडं मकरंदनं पण डॅशबोर्ड बघितला. आणि ह्या हुशार माणसाच्या डोक्यात काय आलं? कंपनी अमेरिकन, म्हणून डावीकडं. आपली गाडी हैदराबादची, म्हणजे उजवीकडंच असणार. ग्रुपवर लिहिलं, 'अस्सल आपल्या पिकअपसाठी स्टिअरिंग उजवीकडे नेतोय. हा पुरावा.' खाली फ्रेममधल्या अर्ध्या फोटोचा फोटो. बाळकृष्णराव उभे, काचेवर ऊन चमकलेलं, आतलं काही दिसत नाही, पण उजव्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला. 'ड्रायव्हरचा हात बघा.' सगळ्यांनी लाइकचे अंगठे टाकले. वा वा, काय अभ्यास!

तातेराव त्या हाताकडं बघत राहिले. फोन चतुराबाईपुढं धरला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा तर माझा."

"गप."

"सांगा की त्याला. बिचारा कापाकापी करतोय."

"बिचारा? मला कापलं तेव्हा कुणी सांगायला आलं होतं?"

तीन महिने मकरंद डॅशबोर्ड कापत होता, पेडलं हलवत होता, दर रविवारी फोटो टाकत होता. आणि तातेराव तोंडाला कुलूप लावून. एकच दिवस घात होता होता राहिला. सुरेशच्या दुकानात दोघं समोरासमोर आले.

"अरे तातेराव! बरं झालं. तुम्ही तर ती गाडी चालवलीय. एक विचारायचं होतं."

तातेरावांनी मनाशी ठरवलेलं होतं, जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं. खोटं बोलून जिंकायचं नाही. आता स्टिअरिंगचं विचारलं तर गेलं सगळं.

"हिरवा कसला होता? पोपटी?"

"शेवाळी," तातेराव म्हणाले. "उन्हात थोडा मळका दिसायचा."

"थँक्यू हं!" मकरंद रंगाची बाटली घेऊन गेला. तातेरावांनी सुरेशकडं पाणी मागितलं आणि उभ्यानंच प्यायले.

एप्रिलमध्ये प्रदर्शन. परीक्षक बंगळूरचे विक्रमसाहेब, डोळ्याला भिंग लावून बघणारा माणूस. मकरंदनं वडिलांना चाकाच्या खुर्चीत आणलं होतं, सत्त्याऐंशीचे बाळकृष्णराव, शाल पांघरून. मधल्या टेबलावर मकरंदची गाडी, चकाचक, मागं सोनेरी फ्रेम. कोपऱ्यात तातेरावांची, थोडी मळकी, मागच्या हौद्यात शाळेची दोन बाकं. शेजारी कापलेला तुकडा.

विक्रमसाहेब आधी कोपऱ्यात आले. तुकडा बघितला, गाडी बघितली. मंग तुकडा उचलला, मधल्या टेबलाकडं गेले आणि सोनेरी फ्रेमच्या कडेला लावला. रेघ रेघेला बसली. अख्खा पिकअप झाला. डावीकडं स्टिअरिंग, त्यावर तातेराव.

"वकीलसाब, गाड़ी तो ये चला रहे हैं," विक्रमसाहेब म्हणाले. मंग भिंग फ्रेमवरच्या त्या हातावर नेलं. "आपके ड्रायव्हर साब चूड़ियाँ पहनते थे क्या?"

हॉलमध्ये असा हशा पिकला की जिन्यावरची पोरं आत बघायला आली. मागून चतुराबाईनं हात वर केला. "मेरे हैं साब! ते लग्नातले बिल्वर."

मकरंद लाल झाला. वडिलांकडं वळला, "बाबा, सांगा ना ह्यांना. आपली गाडी..."

बाळकृष्णरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. कुणीतरी खुर्ची कोपऱ्याजवळ नेली होती. मळक्या हिरव्या गाडीकडं बघून त्यांचे ओठ हलले.

"तातेराव, चतुरा कुठंय? ती बसल्याशिवाय गाडी काढू नकोस बरं का."

तातेरावांनी वाकून त्यांचा हात धरला. "नाही काढत, साहेब."

मकरंद जवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "आधी सांगायचं होतं तुम्ही!"

"तुम्ही रंग विचारला. रंग सांगितला."

मंग तातेराव मधल्या टेबलापाशी गेले. घाईनं नाही. मकरंदची गाडी दोन्ही हातांनी उचलली, अगदी जपून, एक आरसा हलू दिला नाही. क्लबवाल्यांकडं बघून म्हणाले, "नियम आहे ना?" भर हॉलमधून चालत गेले आणि जिन्याखाली, चपलांच्या शेजारी, ठेवून आले.

"असू द्या, वकीलसाहेब," म्हणाले. "पोरांना खेळायला होईल."

नंतर मकरंदनं हिम्मतरावाकडून निरोप धाडला, तो तुकडा द्या, फोटो जोडून घेतो, झालं गेलं. तातेराव म्हणाले, "माझा अर्धा माझ्याकडं बरा आहे. आम्ही दोघं बघतो कधी कधी." ती सोनेरी फ्रेम अजून वकिलाच्या ऑफिसात लटकलेली आहे. काढली तर लोक विचारतील का काढली, म्हणून काढत पण नाही.

घ्या, चहा आला. आता माझं एक काम करा. तुम्ही परवा कागदांच्या कामाला त्याच्याच ऑफिसात जाणार म्हणालात ना? बाहेर चार पक्षकार बसलेले असतील, तेव्हा त्या फोटोपुढं उभे राहा आणि जरा मोठ्यानं विचारा, "वकीलसाहेब, ही गाडी चालवतंय कोण हो?" एवढं विचाराच.