ते एक वाक्य मीच लिहिले

मी शिरपूरचा एक जुना टाक आहे, शाईत बुडवून लिहायचा. माझा लाकडी दांडा झुंबरबाईंच्या बोटांनी गुळगुळीत झाला. मित्रांनो, चाळिशी उलटल्यावर त्यांनी आपली जीवनकथा लिहायला घेतली, तीही एका माणसासाठी.

ते माणूस म्हणजे त्यांची थोरली जाऊ भागाबाई. विधवा, पण वाचता येणारी. घर सारवताना ओल्या शेणावर बोटाने एकेक अक्षर काढून त्यांनी झुंबरबाईंना शिकवले. पुरुषांची चाहूल लागली की हात फिरवून पुसायचे. एके दिवशी हे उघडकीस आले आणि घरच्यांनी भागाबाईंना दोंडाईच्याला भावाकडे कायमचे धाडले.

हे सगळे वहीत आले. १९१२ साली धुळ्यात मास्तर असलेला मुलगा सुकदेव म्हणाला, "माय, एक अक्षर बदलणार नाही." छापखान्यासाठी नक्कल करायला त्याने वही नेली, मलाही नेले. मला केवढा अभिमान वाटला! पण भागाबाईंच्या त्या पानाशी तो थांबला. मला शाईत बुडवून त्याने लिहिले, 'पतीने मला अक्षरओळख करून दिली.'

छापील प्रतींसोबत मीही शिरपूरला परतलो. पुस्तकाचे कौतुक झाले. ते ऐकून भागाबाई आल्या. ओळीखाली बोट धरून वाचू लागल्या.

"झुंबर, तुले तुना नवरानी शिकाडं? त्याले तं सही करताना घाम फुटे." त्या हसल्या. मग स्वतःचे नाव शोधत पुढची पाने उलटून म्हणाल्या, "मनं नाव कोठे शे?"

झुंबरबाईंनी छापलेले पान तेव्हा पहिल्यांदा पाहिले. भागाबाई पाणीही न पिता गेल्या.

"नानांची शोभा राहिली, माय," सुकदेव वडिलांबद्दल म्हणाला. "काकूंना का घालवलं, असं लोक विचारतील."

"इचारू दे. मी तेच लिखेल व्हतं."

घरात उरलेल्या प्रती घेऊन त्या बसल्या. ती ओळ खोडून मी लिहू लागलो, 'भागाबाईने शिकवले.' सात प्रती झाल्या. दुसऱ्या सकाळी सुकदेवने मला कपाटात कोंडले आणि टाक हरवला असे सांगितले. नवा आणतो म्हणाला, आणला नाही. झुंबरबाई कोनाडे धुंडाळत होत्या, ते मला ऐकू येत होते. पुढे त्यांची नजर गेली.

मित्रांनो, मी गंजलो याचे दुःख नाही. खोटे वाक्य माझ्याच टोकातून उतरले, ते मात्र सलते. कोणी विश्वासाने वही दिली, तर तिच्यातले नाव पुसू नका. आणि त्या सातांपैकी एखादी प्रत सापडली, तर दोंडाईच्याला न्या. भागाबाईंच्या माहेरी ते पान मोठ्याने वाचा.