उंबराखालचं पानी

गावच्या मातीची आन घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर माजे दात पडू देत. व्हते तेवढे पडल्यात, पन आन ती आन.

सावळा वाटाड्या व्हता. मळवली टेसनावर उतरलेल्या पावन्यांच्या वळकट्या डोक्यावर घ्यायच्या आन् त्यांना डोंगरातल्या लेन्यांपातूर न्यायचं, हे त्याचं काम. पन्नाशी गाठली नव्हती, पन गुडघे सत्तरीचे झालते. रुळावर नुकतीच विजेची गाडी आलती, तसे पावनेबी वाढलेले. सावळा बायकोला म्हनायचा, "सारजे, गाडीला वीज बसली. मला कवा बसायची?"

त्या वाटंवर उंबराखाली एक झरा व्हता. वर शिळा झाकलेली. चैत-वैशाखात साऱ्या वाडीला तेवढंच पानी. एका साली कुन्या सहलवाल्यांनी त्यात साबन लावून आंघुळी केल्या. आठ दिस पानी नासलं. बाया दोन कोसांवर इंद्रायनीला गेल्या. सारजाबाई पोटुशी व्हती, तीबी गेली. तिचं प्वार त्याच वाटंत गेलं. तवापासून तिचं एकच म्हननं, "झऱ्याचं नाव कुनाच्या कानावर जाता कामा न्हाई."

आन् त्याच सालच्या हिवाळ्यात एकामागं एक तिघं लिव्हनारे आले. डोंगर वहीत भरून न्यायला!

पैला साहेब. सावळ्यानं त्याच्या बटलरला इचारलं, "ह्यो लिव्हतो ते वाचतं कोन?"

"विलायतेच्या मडमा. शेगडीपुढं बसून वाचतात. भ्या वाटलं पाह्यजे त्यांना."

झऱ्यापाशी आल्यावर साहेबानं ओली शिळा बघितली. सावळ्याला वाटलं, भ्याच घालावं. "वाघ येतो हितं पान्याला."

साहेब असा खूश झाला, म्हनला तंबू हितंच ठोका, बंदूक काढा! सावळ्यानं घाईनं शब्द फिरवला.

"येत व्हता, साहेब. आता न्हाई. मेला."

"कशानं?"

"हिवतापानं. हेच पानी पिऊन."

साहेबाचं तोंड पांढरं व्हतंच, अजून पांढरं झालं. लिव्हून घेतलं आन् नाकाला रुमाल लावून फुडं गेला.

मग पुन्याचे मास्तर आले. त्यांचं मासिक शिकलेली मानसं वाचायची. दर दगडाखाली कुनीतरी राजा निघाल्याबिगर त्यांना चैन पडत नसे.

उंबराखालची शिळा बघून म्हनले, "सावळा, हे टाकं कोणाच्या कारकिर्दीतलं?"

"माज्या सासऱ्याच्या. म्हशीसाठी खनलं त्यानं. आता तर आटलंय."

मास्तरांनी लिव्हलेली वळ खोडली.

तिसरे बुवा. जत्रंत विकायचं पुस्तक रचत व्हते, म्हाताऱ्या बायकांसाठी. हितं सावळ्याचं डोकं चालंना. ताप सांगावा, तर बुवा देवाच्या अंगाऱ्यानं बरा करनार. म्हैस सांगावी, तर बुवा तिला कामधेनू करनार. दिसभर चढून तो पार पिळून निघालता.

"बुवा, हितला देव लय कडक. नारळ न्हाई, दक्षिणा न्हाई, पुजारी तर जवळबी येऊ देत न्हाई. त्याचं पानी तर तोंडालाबी लावायचं न्हाई."

बुवांनी वही मिटली. "मग अशा देवाला कोण विचारतो?"

वरसानं तिन्ही पुस्तकं छापून आली. टेसनातल्या बाबूनं सावळ्याला वाचून दाखवली. साहेबाच्या डोंगरात नुसती जनावरं, मास्तरांच्या डोंगरात नुसते राजे, बुवांच्या डोंगरात नुसतं पुन्य. एकाच वाटंनं गेलते म्हनून पटंना. पन एका गोष्टीवर तिघं एक झाले: डोंगरावर प्यायचं पानी न्हाई, वाटाड्याकडून खालूनच न्यावं.

"न्यावं" म्हंजी सावळ्यानं. तवापासून आला पावना की त्याच्या डोक्यावर वळकटी, आन् वळकटीवर भरली घागर. झऱ्यापाशी आला की घसा कोरडा पडायचा. शिळेखालून पानी झुळझुळायचं. पावने म्हनायचे, "कसला रे आवाज?"

"वारं हाय, भाऊ. चला."

घागरीतलं प्यावं तर पावन्याचं, झऱ्यातलं प्यावं तर झरा उघडा पडायचा. तसाच गिळायचा आवंढा.

रातच्याला सारजाबाई गुडघ्याला तेल चोळायची. "झरा राखलासा," म्हनायची.

"राखला. पन तिघांची पुस्तकं माज्याच डोक्यावर वाहतोय गं."

तिनं मग काय केलं, रोज त्याच झऱ्याचा एक तांब्या भरून उशाला ठेवायला लागली. तो बसून निवांत प्यायचा. पंधरा साल असंच चाललं. झरा कुन्या पुस्तकात गेला न्हाई.

तर असं हाय बगा, समदं खरं. फकस्त ते उंबराचं झाड तेवढं मी लावलं. झरा हाय, अजून वाहतो. पन उंबराखाली न्हाई. तुमीबी वाचनारीच मानसं, उद्या साबन घेऊन याल.