किंमत पाडायचा दिवस

स्वयंपाकघर

"मारा ना," बायको म्हणाली. "का आता माझी लेखी परवानगी हवी?"

फरशीवाल्याच्या हातात हातोडा होता आणि समोर त्यानेच बसवलेली जमीन. आयुष्यभर लोकांच्या घरातल्या फरश्या त्याने मागचापुढचा विचार न करता फोडल्या होत्या. इथे हात अडला.

"अहो, उद्या सकाळी तो किंमत ठरवणारा माणूस दारात उभा राहील."

त्याने डोळे मिटून घाव घातला. तडा गेला.

"अजून," बायको म्हणाली.

हे असं का

भाड्याने राहता राहता घर आपलं होणार, असा करार होता. भाड्यातला थोडा भाग दर महिन्याला जमा. मुदत संपली की घराची त्या दिवशीची किंमत काढायची, जमा रक्कम वजा करायची, उरलेल्यासाठी बँकेकडे जायचं. सही करताना 'त्या दिवशीची' या शब्दांवरून त्याची नजर साबणावरून पाय घसरावा तशी निसटली.

आणि मग गडी घर सजवत सुटला. कामावर उरलेल्या फरश्या मागून आणायचा, रात्री जेवण झालं की गुडघ्यांवर बसायचा. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर टकटक करून बघायचा, आवाज पोकळ आला की उखडून पुन्हा. मालक अधूनमधून डोकावायचा. "वा! करा हौस. तुमचंच घर आहे."

गेल्या आठवड्यात बायकोने करार पुन्हा वाचला.

"म्हणजे आपण इतकी वर्षं आपल्याच घराचा भाव वाढवत बसलो?"

म्हणून आता उलटं.

न्हाणीघर

इथल्या भिंतीवर निळ्या तुकड्यांची पट्टी होती.

"ही राहू दे," तो म्हणाला. "आईने रंग निवडलाय."

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. "लहानपणी बशी फोडलीस म्हणून मार खाल्लास. आता बायको सांगते म्हणून घर फोडतोयस, तर कुणी काही बोलत नाही. आण तो हातोडा इकडे."

"आई, तुला उचलणार नाही."

"मग धर माझा हात."

त्याने तिचा हात धरला. दोघांनी मिळून मारलं. निळे तुकडे बादलीत पडले. बायको चहाच्या चोथ्याने भिंत डागाळत होती. ओल आल्यासारखी दिसायला हवी ना! ते बघून आईला हसू फुटलं, मग तिघंही हसत सुटले, बराच वेळ, आणि मग एकदम

सकाळ

माणूस नाही, तरुण मुलगी आली. रस्ता बघितला, घराची रुंदी मोजली, दारातून आत मान घातली, मोबाईलवर काहीतरी टिपलं.

"झालं," ती म्हणाली.

"आत नाही येणार? फरशी फुटलीय. भिंतीला ओल आहे. न्हाणीघर तर बघवत नाही."

"काका, इथे भाव जागेचा आहे. पलीकडे मोठं हॉस्पिटल होतंय. जो घेईल तो हे पाडूनच बांधेल. आत सोनं लावलं असतंत तरी हाच आकडा आला असता."

तिने आकडा दाखवला. बँक त्याला एवढं कर्ज सात जन्मांत देणार नव्हती.

दुपारपर्यंत

बायकोने भिंतीवरचे चहाचे डाग घासून बघितले. गेले नाहीत.

मालक

स्वयंपाकघरात येऊन त्याने फुटकी फरशी बुटाच्या टोकाने हलवून बघितली. रागावला नाही, हेच वाईट होतं.

"तुम्हाला घेणं जमणार नाही, कळलं मला. मुदतीत घेतलं नाही तर जमा रक्कम बुडते, ते करारात आहे. राहायचं तर राहा, भाडेकरू म्हणून. नवं भाडं मी कळवतो."

"वाढणार?" बायकोने विचारलं.

"आजूबाजूला बघा ना, वहिनी. आणि ही मोडतोड महिनाअखेरपर्यंत दुरुस्त झाली पाहिजे. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. आता हा काहीतरी बोलेल, निदान आवाज तरी चढवेल, असं तिला वाटलं. आई खुर्चीवरून अर्धी उठली होती.

फरशीवाला खाली वाकला, दोन-चार तुकडे गोळा केले, ओट्याच्या कडेला ठेवले. हात पँटला पुसले.

"मालक," तो म्हणाला, "कोणती फरशी बसवू?"

या घराबद्दल हा प्रश्न त्याने आजवर मालकाला विचारला नव्हता.

"कसलीही," मालक दाराकडे वळत म्हणाला. "स्वस्तातली बघा."