कोकरांच्या खोलीचा आकडा

मित्रांनो, माझ्याकडे यायचं तर आधी वाकावं लागतं. माझं दार मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढंच उंच. ताठ मानेनं माझ्यात आजवर कुणी शिरलेलं नाही. एकदा एक रुबाबदार व्याही शिरायला गेले, ते कपाळाला टेंगूळ घेऊन माघारी फिरले. पण यात माझा गर्व नाही हो. मला बांधलंच मुळी कोकरांसाठी. मी आष्टी गावातली, साखराबाईच्या परसातली, एक जुनी बुटकी खोली.

साखराबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, म्हस्कूनं, मला उभं केलं. म्हस्कू ओढ्याचे दगड रचायचा, साखराबाई पांढऱ्या मातीचा चिखल तुडवायची. वर बाभळीची लाकडं, त्यावर तुराट्या आणि त्यावर वीतभर मातीचं धाबं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मेंढ्या दिवसभर रानात चरायला जायच्या आणि ज्यांना चालवत नसे ती कोकरं माझ्या हवाली असायची. दुपारच्या वेळी तीस उबदार पोटं एकमेकांना टेकून झोपायची. त्यांच्या श्वासाबरोबर माझ्या भिंतीसुद्धा वरखाली होतात असं मला वाटायचं. कोकरांना स्वप्नं कसली पडतात, ते मला विचारा. दूध, पुन्हा दूध, आणि मधेच एखादं फुलपाखरू. तिन्हीसांजेला धुरळा घेऊन मेंढ्या परतायच्या, साखराबाई ताटी उघडायची आणि तीस कोकरं तीस आयांकडे धावायची. एवढ्या गर्दीत एकही चुकायचं नाही. माणसांना पत्ता लिहून द्यावा लागतो, याचं मला तेव्हापासून नवल वाटतं.

मग म्हस्कू गेला. चार दिवसांच्या आजारात गेला. त्याच्या पाठोपाठ तो मोठा दुष्काळ आला. म्हस्कूचा धाकटा भाऊ आबाराव सगळा कळप घेऊन शहागडच्या बाजूला, गोदाकाठी, चाऱ्याच्या शोधात गेला. सात महिन्यांनी परतला तेव्हा त्याच्या खांद्यावर घोंगडी होती, हातात काठी होती आणि मागं एकही मेंढरू नव्हतं. काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून त्याला एक खोड लागली. रोज सकाळी तो घराभोवती फिरून बघायचा, रात्रीतून काही गेलं तर नाही ना. ज्याचं एवढं गेलं, त्याला उरलेलंही जाईल अशी धास्ती बसते. त्याला हसू नका.

मी रिकामी पडले. साखराबाईनं माझ्यात गोवऱ्या ठेवल्या, मोठ्या टोपल्यासारखा एक फुटका हारा ठेवला आणि ताटी लावून घेतली. अंधारात बसून मी कोकरांची स्वप्नं आठवत राहिले. आठवून आठवून तीही विरत चालली. अशीच दोन वर्षं गेली.

कौसल्या साखराबाईला पहिल्यांदा दिसली ती आठवडी बाजारात. हे मी साखराबाईच्याच तोंडून नंतर ऐकलं. बाजाराच्या कडेच्या लिंबाखाली ती शेणानं जमीन सारवत होती. चार हात जमीन, गुळगुळीत, कडा एकदम सरळ. भोवती भिंत नाही, वर छप्पर नाही. शेजारी एक म्हातारा अंबाडीचा दोर वळत बसला होता. साखराबाईला राहवलं नाही.

"उघड्यावर काय सारवून राह्यली, बाई?"

"अंगण हाय, आक्का," कौसल्या म्हणाली. "घर तेवढं न्हाई."

गोष्ट साधीच होती. दुष्काळात ती आणि तिचा सासरा कडूबा खडी फोडायच्या कामावर गेले. नवरा कामाच्या शोधात त्याआधीच जो गेला तो गेला. वर्षानं दोघं गावी परतले, तर लोकांनी त्यांच्या घराची लाकडं काढून नेली होती आणि धाबं खाली बसलं होतं. आष्टीच्या बौद्धवाड्यात नातलग होते, पण त्यांच्या एका खणात आधीच नऊ माणसं झोपायची. म्हणून लिंबाखाली. कडूबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्याला जागा बदललेली चालत नसे. कौसल्या जिथं जाईल तिथं आधी सारवायची, म्हणजे म्हाताऱ्याच्या पायाला वाटावं की आपण घरीच आहोत.

त्या संध्याकाळी माझ्यातल्या गोवऱ्या बाहेर निघाल्या.

परस साखराबाईच्या वाटणीचं होतं. पण विधवेच्या वाटणीवर सगळ्यांची नजर असते, तशी शेजारच्या खणात राहणाऱ्या आबारावचीही होती. तो म्हणाला, "वैनी, कूळ लागंल." त्या दिवसांत कसणाराची जमीन झाल्याच्या गोष्टी बाजारात फिरायच्या. आबारावनं त्यातून आपला कायदा काढला होता: कसंल त्याची जमीन, तशी राहील त्याची खोली. आणि हे पक्कं कधी होतं? तर आत चूल मांडली की, नाहीतर भिंतीवर सरकारचा आकडा पडला की.

हा आकडा म्हणजे काय ते सांगते. दर पंधरा दिवसांनी रखमाजी नावाचा मलेरियावाला सायकलवरून यायचा. घरोघर "ताप हाय का कुणाला?" म्हणून विचारायचा. असला तर बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायचा. दारापाशी गेरूनं घराचा आकडा लिहायचा, खाली आल्याची तारीख टाकायचा. आबारावला वाचता येत नव्हतं. साखराबाईलाही नव्हतं. त्या गेरूच्या आकड्याला दोघं सातबाऱ्याइतकं मानायची. मग तोड निघाली ती अशी: चूल बाहेर, आणि रखमाजी आला की ही कोकरांची खोली म्हणायचं. आकडा पडला, तर दुसऱ्या दिवशी खोली रिकामी.

कौसल्येनं मान डोलावली. मी मात्र हिरमुसले. मित्रांनो, एका भिंतीची हौस ती काय असणार? एखादा आकडा आपल्याही अंगावर असावा, एवढीच.

तरी ते दिवस माझे सुखाचे होते. कौसल्येनं मला आतून पोतारलं. कोनाड्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली. कडूबा दारात बसून दोर वळायचा. रोज सकाळी तो माझ्या भिंतीवरून हात फिरवायचा, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. पहिल्याच दिवशी त्यानं नाक वर करून विचारलं होतं, इथं कोकरं राह्यली होती का म्हणून. दुपारी डुलकी लागली की तो हसायचा. कौसल्येनं विचारलं तर सांगायचा, काही न्हाई, पायाला मऊ मऊ लागत होतं. माझी विरलेली स्वप्नं त्या म्हाताऱ्याला सापडत होती.

खोटं नाही सांगत, साखराबाईच्या हातालाही जुनी सवय होती. सुरुवातीला ती भाकरी कौसल्येच्या हातात देत नसे, कुंपणाच्या दगडावर ठेवायची. कौसल्या तिथून उचलायची. मी बघत होते.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावसात बाहेरची चूल विझायची आणि दोघं कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खायची. मग अश्विनात कडूबाला थंडी वाजून ताप आला. एक दिवस यायचा, एक दिवस जायचा, पुन्हा यायचा. कौसल्येनं काढा दिला, दोन्ही गोधड्या घातल्या. तिसऱ्या पाळीला रखमाजी येण्याचा दिवस होता. सकाळीच म्हाताऱ्यानं तिचा हात धरला. त्याचे शब्द माझ्या मातीत मुरलेत.

"मला झाक, पोरी. बिलकुल बोलू नको. ताप काय, उतरंल. जागा गेली तं पुन्हा मिळायची न्हाई."

दुपारी सायकलची घंटी वाजली. आबाराव परसातच उभा होता. कौसल्या केरसुणी घेऊन माझ्या दारात आडवी उभी राहिली. रखमाजीनं साखराबाईला विचारलं, आबारावला विचारलं, वहीत खूण केली. तेवढ्यात माझ्या पोटातून आवाज आला. पत्र्याचा डबा खडखडावा तसे कडूबाचे दात वाजत होते.

"आत कोण हाय?" रखमाजी म्हणाला.

"कोकरू," आबाराव म्हणाला.

"कोकराला हुडहुडी भरून राह्यली, काका?"

"भरती कधी कधी."

आतून कण्हण्याचा आवाज आला. रखमाजीनं कान दिला. "आन कोकरू 'माय गं' बी म्हणतं?"

कौसल्या घाईनं म्हणाली की आत कुणी नाही, साहेबांनी जावं, उन्हाचं उगं थांबू नये. खोट्याची सवय नसलेलं तोंड ते, शब्द नीट जुळेनात. एका हातात माणूस आणि दुसऱ्या हातात घर. मी चार भिंतींची असून काय उपयोग? मला बोलता येत नव्हतं.

साखराबाई तिच्याकडे बघत राहिली. मग पुढं आली, कौसल्येच्या हातातली केरसुणी काढून घेतली.

"वाकून आत जा, रखमाजी," ती म्हणाली. "माणूस हाय. दोन माणसं राह्यतेत इथं. आधी औषध दे, आन मंग तुझा आकडा लिही."

"वैनी, खोली जाईल," आबाराव म्हणाला.

"जाऊ द्या, भाऊजी. जाऊन जाऊन कुठं जाईल? इथंच तं राहील."

रखमाजी वाकून आत आला. कडूबाच्या बोटातून थेंब घेतला, स्वतःच्या हातानं त्याला गोळ्या दिल्या, पाणी पाजलं. बाहेर येऊन त्यानं गेरू काढला आणि आबारावकडे बघून तोंड उघडलं. सांगणार होता बिचारा की काका, हा आकडा तापाचा, जागेचा न्हाई. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मग त्यानं साखराबाईकडे बघितलं, कौसल्येकडे बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं. साखराबाईच्या दारावर ४७ होता. त्यानं माझ्या दाराशेजारी, सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: ४७ अ.

आकड्यापुढचं ते वळण काय म्हणून कौसल्येनं विचारलं. रखमाजी म्हणाला, अ हाय, सगळी अक्षरं इथून सुरू होतात. मी आजवर ऐकलेली ती सगळ्यात सुंदर गोष्ट.

कडूबा बरा झाला. कौसल्येनं माझ्या कोपऱ्यात चूल मांडली आणि माझ्या धाब्याला आतून पहिली काजळी धरली. काजळीला घाण म्हणू नका, ती खोलीची मुंज असते. पहिल्या भाकरीच्या वासानं साखराबाई आली, वाकून आत बसली आणि म्हणाली, गरम हाय तोवर दे की. कौसल्येनं तव्यावरून काढली आणि तिच्या हातावर ठेवली. घेणारी फुंकर मारत होती, देणारी दुसरी थापत होती. दगडावरची भाकरी दोघींच्याही मनात आली असेल नसेल, कोण जाणे.

आबाराव महिनाभर माझ्याकडे बघत नव्हता. मग एकदा रखमाजीला बाजूला घेऊन त्यानं हळूच सांगितलं की आपल्या दारावरचा आकडा फिका झालाय, जरा मोठा लिही, आन दोनदा गिरव. रखमाजीनं गिरवला.

पाचव्या वर्षी कौसल्येनं बौद्धवाड्याच्या कडेला स्वतःचं घर बांधलं. कडूबा त्याआधीच गेला होता, माझ्याच छपराखाली, झोपेत हसत. निघताना कौसल्येनं मला नवीन पोतारलं, आकडा तेवढा सोडून. मग साखराबाईपुढं माझ्या कुलपाची किल्ली ठेवली. आक्का, तुझी खोली. साखराबाई म्हणाली, माझी कुठली? सरकारनं तुझ्या नावावर लिहिली, तूच ठेव. कौसल्या म्हणाली, मला घर हाय, दोन काय करू? किल्ली इकडून तिकडं सरकत राहिली. दोघीही हट्टी.

ते भांडण अजून मिटलेलं नाही. ते चालू असतानाच आसराबाई नावाची एक म्हातारी गाठोडं घेऊन परसाच्या दाराशी आली. खोली कुणाची, कुणाला विचारायचं, असं ती म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. मग किल्ली आसराबाईच्या हातात गेली. तिच्यानंतर आणखी कुणाच्या. माझा मालक कोण, हे मला आजही माहीत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही परसात माझी एखादी बहीण असेल. मोडका पलंग नाहीतर गोवऱ्या सांभाळत, अंधारात बसलेली. तिला कुलूप घालून तुम्ही म्हणाल, राहू दे रिकामी, कुणी घुसायला नको. पण माझं ऐका, मी मातीची आहे, मला हे ठाऊक आहे. रिकामी खोली रिकामी राहत नाही. माणूस आला नाही, तर वाळवी येते. तिला ना आकडा लागतो, ना परवानगी. दोघांपैकी कुणाला बोलवायचं, ते तुम्ही वेळेवर ठरवा.