आधी मेखा, मग खांब

सासूबाईंनी मैदानावर पाय ठेवताच जाहीर केलं, "आज तंबू उडाला तर धंदा बंद. सगळं सामान विकून मोकळी होणार मी."

गेल्या वर्षी भर समारंभात आमचा तंबू उडून शाळेच्या छपरावर जाऊन बसला होता. तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय. पण मला कुठे सोडायचंय हे काम! या घरात आले तेव्हा धड गाठ मारता येत नव्हती. आता नुसता दोर चाचपला तरी कुठे तुटणार ते सांगते. हे सगळं सोडून घरी बसू? माझ्याच्याने नाही व्हायचं.

आणि वारा तरी कसला मेला! टेकडीवरचं मैदान, दुपारी फुलांचं प्रदर्शन. समोरच्या कोपऱ्यात दुसरा तंबूवाला आपला तंबू लावत होता. त्याला सगळे मिशाळ म्हणतात.

आमच्या घरची रीत अशी की आधी मधला खांब उभा करायचा आणि मग कडेच्या मेखा ठोकायच्या. सासऱ्यांनी जन्मभर तसंच केलं. सासूबाईंनी गड्यांना हाक मारली, "चला, खांब घ्या!"

खांब उभा राहिला मात्र, वारा कापडाखाली घुसला. दोराला धरलेले दोन्ही गडी गवतावरून फरफटत गेले आणि खांब धाडकन आडवा झाला.

"काकू, आज कुणाच्या छपरावर?" मिशाळ तिकडून ओरडला.

माझं डोकंच सणकलं. "आई, बस्स झालं! कापड आडवंच राहू दे. आधी वाऱ्याकडची कड मेखांनी पक्की करू. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. खांब सगळ्यात शेवटी."

"असं उलटं कधी कुणी करतं का? तुझ्या सासऱ्यांनी..."

"त्यांचा मान मला आहे हो, वाऱ्याला आहे का? गच्चीवर चादर वाळत घालताना तुम्ही आधी कुठल्या बाजूला चिमटा लावता?"

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "वाऱ्याच्या बाजूला," त्या पुटपुटल्या.

मग त्या तरातरा गेल्या आणि फडफडणाऱ्या कडेवर चक्क फतकल मारून बसल्या. "बघतेस काय अशी? ठोक! मी बसलेय तोवर कापड हलत नाही की वारा."

मी घण उचलला. पहिली मेख घाईत सरळ ठोकली, ती दोर ताणताच सुळकन वर आली.

"अगं तिरकी, तिरकी! मेखेचं डोकं तंबूच्या बाहेर झुकव!" सासूबाई बसल्या जागेवरून गरजल्या.

तिरकी ठोकली, ती बसली. मग एकामागून एक ठोकतच गेले. घाम डोळ्यांत जात होता, हाताला फोड आले होते, पण थांबतेय कोण! चारी बाजू पक्क्या झाल्यावर गडी खांब घेऊन आत शिरले. कापड हळूहळू वर आलं. आम्ही दोघींनी मिळून दोर ताणले.

तेवढ्यात जोराचा झोत आला. तंबू घुमला, दोर करकरले. सासूबाईंनी माझं मनगट गच्च पकडलं होतं. एक मेख हलेल तर शपथ! तंबू ठाम उभा.

"उभा राहिला गं बाई!" सासूबाई लहान पोरीसारख्या ओरडल्या. मी त्यांना मिठीच मारली. आजवर कधी मारली नव्हती.

त्याच झोताने मिशाळचा तंबू मात्र उखडला. त्याच्या माणसांनी तो कसाबसा कुंपणापाशी गाठला. मिशाळ आपला मधला खांब तसाच हातात धरून धापा टाकत आमच्याकडे आला. मिशा पार विस्कटलेल्या.

"काकू, पाहुणे यायची वेळ झाली. जरा हात लावाल का?"

"मला काय विचारतोस?" सासूबाईंनी पदराने घाम पुसला आणि माझ्याकडे बोट केलं. "आजपासून धंद्याचं सगळं ती बघणार. तिला विचार."

रडूच यायचं बाकी होतं. पण मिशाळसमोर रडते की काय! मी घण खांद्यावर टाकला आणि म्हटलं, "चल. आधी तो खांब खाली ठेव."