लावलं

शालिग्रामने कुलूप कोयंड्यात अडकवलं, पण दाबलं नाही. किल्ली खिशात टाकून तो ओट्यावरून खाली उतरला.

इंदू फाटकाशी ई-रिक्षा थांबवून उभी होती. खरं तर कुलूप तीच लावणार होती. हल्ली तीच लावायची. पण निघताना त्याने तिच्या हातातून किल्ली घेतली आणि तिला रिक्षा बघायला पुढे पाठवलं. आता ती विचारेल म्हणून तो थांबला होता. तिने विचारलं की तो बघून येतो म्हणणार होता. परत जाऊन कुलूप दाबणार होता. मग ती पुन्हा विचारणार, तो पुन्हा जाणार, आणि तेवढ्यात धारची बस निघून जाणार. एवढंच त्याला हवं होतं.

इंदूने विचारलं नाही. ती रिक्षात बसली.

लग्न झाल्यापासून ती विचारत आली होती. कुलूप, गॅस, मागचं दार. फाटकाशी विचारायची, चौकात विचारायची, बस स्टँडवर विचारायची. लावलं का? तो म्हणायचा, लावलं. त्याआधी ती स्वतः कुलूप ओढून बघायची, इतक्या वेळा की त्या खडखडीवरून गल्लीला कळायचं, ही दोघं कुठंतरी निघालीत. तिच्या बोटाला त्याचा घट्टा पडला होता. देवासमधले नातेवाईक म्हणायचे, इंदू फार जपणारी. पुतणी शिवानी म्हणायची, काका झोपेतसुद्धा ‘लावलं’ म्हणतात. धरमपुरीला भाचीच्या लग्नाला निघाले, तेव्हा क्षिप्रेच्या पुलावरून बस थांबवून परत फिरले होते. कुलूप लावलेलंच होतं. इंदू ओट्यावर बसून रडली होती आणि त्याने पिठलं केलं होतं.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी सांगितलं की हे जपणं नाही, विसरणंही नाही. हिने कुलूप लावल्याचं हिला आठवतं, पण मन ते मानत नाही. मग त्या शालिग्रामकडे वळल्या. तुम्ही लावलं म्हणता तेव्हा हिला घटकाभर बरं वाटतं, खाज सुटल्यावर खाजवल्यासारखं, म्हणाल्या. आणि खाजवल्यावर खाज वाढते. आता उत्तर द्यायचं नाही.

त्याने ऐकलं. इंदू विचारायची, आणि तो खिडकीबाहेर बघायचा. सुरुवातीला ती थरथरायची. मग कमी कमी विचारू लागली. आता विचारतच नव्हती. घरात एवढी शांतता त्याने कधी पाहिली नव्हती, आणि ती त्याला सोसत नव्हती.

त्यात हा तरुण नावाचा मुलगा. धारच्या शाळेत मास्तर, त्याच डॉक्टरीणबाईंचा पेशंट. त्याचं दुखणं सारखं हात धुण्याचं होतं. थंडीत त्याच्या बोटांच्या भेगांतून रक्त यायचं. दोघांनी एकमेकांना फोन करत जावा, असं बाईंनीच सुचवलं होतं. रोज दिवेलागणीला फोन यायचा. शालिग्राम मटार सोलत बाहेर बसायचा आणि आतलं सगळं ऐकू यायचं.

“मग ताई, जळलं का घर?”

“अजून तरी नाही. तुझे हात?”

“दोन्ही आहेत, ताई. जागेवर.”

आणि इंदू हसायची. पोट धरून हसायची. शालिग्रामने तिच्या दुखण्याकडे कधी हसून पाहिलं नव्हतं. काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसं तो ते इतकी वर्षं सांभाळून नेत आला होता. वावगं काही नाही, हे त्याला कळत होतं. तरुणची बायको अल्पना मधूनच फोन घेऊन लोणच्याचं प्रमाण विचारायची. वावगं काही असतं तर निदान भांडता आलं असतं.

तरुणने धारला घर बांधलं. आज वास्तुशांत होती. दोघांची पैज लागली होती. तरुणने आपल्या हाताने प्रसाद वाटायचा आणि दर पाहुण्यामागे नळाकडे पळायचं नाही. इंदूने यायचं, कुणीही लावलेल्या कुलपाला पुन्हा हात लावायचा नाही. आठवडाभर ती त्याच गोष्टीने उजळली होती.

रिक्षा सुरू होणार तोच ती म्हणाली, नारळाची पिशवी ओट्यावर राहिली. शालिग्राम उठू लागला.

“बसा तुम्ही,” ती म्हणाली. “तुमचा गुडघा दुखतो.”

दार जास्वंदीच्या आड होतं. शालिग्राम खडखड ऐकू येते का, म्हणून कान देऊन बसला. पण रिक्षावाल्याने गाणं मोठ्याने लावलं होतं. पिशवी उचलायला लागावा तेवढाच वेळ गेला आणि इंदू आली. चेहरा नेहमीसारखा. तिने काही पाहिलं नसावं.

“चलो काकासाब, बस निकल जाएगी,” रिक्षावाला म्हणाला, आणि घर मागे राहिलं.

आता सांगायचं कसं? कुलूप उघडं आहे म्हटलं, तर का उघडं आहे हेही सांगावं लागणार. बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. देवासची टेकडी मागे पडली तसं शालिग्रामच्या डोळ्यांपुढे घर येऊ लागलं. दार ढकललं की उघडणार. कपाटात इंदूच्या आईच्या पाटल्या. देवघरात तेवता दिवा, आणि मांजर आत शिरलं तर? त्याने किल्ली काढली, पाहिली, परत ठेवली. परत काढली.

मग एक वेगळीच गोष्ट झाली. दाबलं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण इतक्या वर्षांची सवय, बोटांनी आपोआप दाबलंही असेल. त्याने ओट्यावरचा तो क्षण आठवला. अडकवताना हात दिसला, पुढचं दिसेना. पुन्हा आठवला. जितकं आठवावं तितकं ते पुसट होत गेलं. हाताला विचारावं तर हात काही सांगेना. कपाळावर घाम आला. शेजारी इंदू शेंगा सोलून खात होती.

बस क्षिप्रेच्या पुलावर चढली.

“इंदू,” तो म्हणाला. “कुलूप लावलं होतं ना गं?”

इंदूने खिडकीतून मान वळवली. त्याच्या घामाकडे पाहिलं, मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. शेंगांची टरफलं तिने रुमालात नीट गोळा केली.

“लावलं,” ती म्हणाली.

कोणी, ते त्या शब्दात नव्हतं. त्याचा श्वास खाली बसला आणि पूल संपेपर्यंत पुन्हा वर आला.

“नक्की?”

“एकदाच सांगायचं असतं,” इंदू म्हणाली.

मांगलिया गावाच्या आसपास फोन वाजला. तरुणचा आवाज शेजारी बसून ऐकू येण्याएवढा मोठा होता. मागे भटजींचे मंत्र चालले होते.

“निघालात का, ताई? मी अजून एकदापण नाही गेलो नळाकडे. तुमचं बोला.”

“हरले रे,” इंदू म्हणाली. “परत हात लावला कुलपाला.”

“अरे यार. का पण? इतकं मस्त चाललं होतं.”

“वाटलं, उघडं राहिलंय.”

“ते तर वाटणारच, ताई. तेच तर आपलं दुखणं आहे ना.”

“हो,” इंदू म्हणाली. “तेच.”

तिकडून तरुण समजूत घालत राहिला. एका दिवसाने काही बिघडत नाही, उद्यापासून पुन्हा सुरू करू, बाईंना सांगू नका. इंदू हूं हूं करत ऐकत होती. शालिग्रामने किल्ली खिशात टाकली आणि खरं काय ते सांगायला फोनसाठी हात पुढे केला.

इंदूने तो हात पाहिला, आणि त्यावर शेंगांची पुडी ठेवली.