बेबीच्या हातचा मासा

बेबीला बेबी म्हणण्याचं आता तसं काही कारण उरलं नव्हतं. चाळिशी उलटली होती, भांगात पांढरं डोकावायला लागलं होतं, आणि ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात लोक तिला मॅडम म्हणायचे. पण घरातलं शेंडेफळ एकदा बेबी झालं की म्हातारं होईपर्यंत बेबीच राहतं. त्यातून ते बिनलग्नाचं आणि आईजवळ राहणारं असेल, तर मग बोलायलाच नको.

आईला झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा हात जिथं ठेवावा तिथंच राहायचा. बोलणं सुधारलं, गिळणं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. डॉक्टरांनी मऊ आणि बिनतिखटाचं द्या म्हणून सांगितलं आणि ते सुटले. आईनं भाज्यांच्या लगद्याला तोंड वाकडं केलं, खिरीला लहान मुलांचं खाणं म्हणून नाव ठेवलं, आणि असं करत करत गाडी येऊन थांबली ती पांढऱ्या माशावर. काटा नाही, वास बेताचा, चव म्हणाल तर तीही बेताचीच. मासेवाल्याकडून बिनकाट्याचे तुकडे आणायचे आणि पॅनमध्ये लोण्यावर शिजवायचे, एवढंच काम.

एवढंच काम, पण ते बेबीनंच करायला हवं होतं. देखरेखीला येणाऱ्या बाईंनी एकदोनदा करून पाहिला, तेव्हा आईनं एक घास घेऊन ताटली बाजूला सारली. हे बेबीच्या हातचं नाही, म्हणाली. त्या दिवशी ती दहीभाताच्या चार घासांवर राहिली, आणि बाईंनी ते फोन करून बेबीला सांगितलं. तेव्हापासून दुपारची सुट्टी झाली की बेबी दुकानातून घरी धावायची, मासा करायची, आईला भरवायची, स्वतः उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायची आणि परत पळायची. गिऱ्हाइकाच्या कानामागं चष्म्याची काडी बसवताना आपला हात त्याच्या नाकाशी येतो, म्हणून तिनं दुकानाच्या बेसिनजवळ लिंबाच्या फोडी ठेवल्या होत्या. मालक चेष्टेनं म्हणायचे की मॅडम, आपण सरबत पण विकायला ठेवू या. मॅडम हसायच्या. हसल्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण ना ती कुठल्या लग्नाला जाऊ शकत होती ना दोन दिवस कुठल्या मैत्रिणीकडे. सगळ्यांना तिचं एकच उत्तर ठरलेलं असायचं, आईचा मासा.

तर याच मालकांनी दुसऱ्या शहरात दुकान काढलं आणि ते बेबीनं सांभाळावं असं त्यांच्या मनात आलं. वर राहायला दोन खोल्या, खाली दुकान, सगळा कारभार तिच्या हाती. सोमवारी काय ते सांगा, म्हणाले. बेबीला वाटलं, आपल्याला हे इतकं हवंय हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं. घरी येईपर्यंत तिनं मनातल्या मनात त्या दुकानाच्या काचा पुसून घेतल्या, आरसे लावले, एक कोपरा लहान मुलांच्या चष्म्यांसाठी राखून ठेवला. आणि दार उघडल्या उघडल्या आतून आईनं विचारलं, आज मासा ताजा मिळाला का.

दादा त्याच गावात, दोन बसथांबे पलीकडे राहायचा. माणूस वाईट नव्हता. औषधं आणून द्यायचा, बल्ब बदलायचा, आईला हसवायचा. फक्त स्वयंपाकाचा विषय निघाला की काखा वर करायचा. तुझा हात बसलाय बेबी, आम्ही काय करणार, हे त्याचं पेटंट वाक्य. कौतुकाचं कौतुक आणि सुटकेची सुटका. बेबी आतून चिडायची, पण कौतुकावर भांडायचं तरी कसं?

या वेळी मात्र तिनं भांडायचं नाही असं ठरवून त्याला रविवारी सकाळी बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघरात उभं करून दुकानाचं सांगितलं. तू मासा शिकलास तर मी जाईन, नाही शिकलास तर नाही. आईनं तुझ्या हातचा खाल्ला पाहिजे, म्हणजे झालं. दादानं कधी नव्हे ते वाद घातला नाही. बाहीची बटणं काढत तो म्हणाला की मी ऑफिस सांभाळतो, मासा म्हणजे काय विशेष. वहिनींनी हे ऐकलं असतं तर त्यांना हसू आवरलं नसतं.

बेबीनं आधी एक तुकडा स्वतः करून दाखवला. तुकडा फडक्यानं टिपून कोरडा करायचा, कारण पाणी राहिलं की मासा तळला न जाता नुसता उकडतो. मीठ, किंचित मिरपूड, वरून चिमूटभर पीठ. पॅन नीट तापू द्यायचं, मग तेल, मग लोणी, आणि तुकडा आपल्यापासून लांबच्या दिशेनं सोडायचा, म्हणजे शिंतोडे अंगावर येत नाहीत. आणि मग हात लावायचा नाही. सगळं घोडं इथंच अडतं. खालून सोनेरी झाला, कडा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या की तो आपोआप सुटतो. तोवर उलथणं घालायचं नाही. तिनं अलगद उलटलेला तुकडा दादानं वाकून पाहिला आणि खरोखरीच्या आदरानं मान हलवली.

त्याचा पहिला तुकडा अर्थातच गेला. पॅनमधला आवाज जरा वाढला की त्याच्या हातातलं उलथणं वळवळायचं. खालचा भाग पॅनला, वरचा भाग उलथण्याला आणि मधला दादाच्या तोंडाकडे बघत. बेबीनं पॅन घासून दिलं आणि दुसऱ्या खेपेला स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले. आपण मध्ये पडलो तर हा जन्मात शिकणार नाही, हे तिला कळत होतं. दादा ओठ आवळून उभा राहिला. एकदा घाई केलीच, एका कडेला उलथण्याचं टोक लागून खाच पडली, पण तेवढ्यावर तो थांबला. आणि मग तुकडा सुटला, उलटला, अख्खाच्या अख्खा. दादाच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की बेबीला एकदम रडू येईलसं वाटलं. तिच्या डोळ्यांपुढं त्या नव्या दुकानाचं शटर वर गेलं.

ती आईच्या गळ्याशी रुमाल बांधायला पुढं गेली. मागून दादा ताटली घेऊन आला. काट्यानं मासा त्यानंच मोडून आणला होता, वर लिंबाचे दोन थेंबही पिळले होते. आई खुर्चीत ताठ बसली होती. दादानं पहिला घास भरवला. आईनं तो तोंडात घोळवला, गिळला, आणि डाव्या हातानं ताटली दूर सारली.

“हे बेबीच्या हातचं नाही,” ती म्हणाली.

बेबीच्या तोंडचं पाणी पळालं. ती स्वयंपाकघरात गेली, निदान आपण केलेला तुकडा तरी आईला द्यावा म्हणून. ओट्यावरच्या बशीत एक तुकडा शिल्लक होता. त्याच्या कडेला उलथण्याच्या टोकाची खाच होती.

ती तशीच उभी राहिली. दादानं ऐन वेळी कच खाल्ली होती. आईनं आपला नाकारला तर, या भीतीनं त्यानं बेबीनं केलेला तुकडा मोडून आपला म्हणून नेला होता. परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिण्याची त्याची शाळेपासूनची खोड. पण दादाचा राग तिला नंतर आला असता. आत्ता तिला दिसत होतं ते इतकंच, की जे बेबीच्या हातचं नाही म्हणून आईनं बाजूला सारलं, ते बेबीच्याच हातचं होतं.

ती बाहेर आली. दादाची मान खाली होती, कान लाल झाले होते. त्याला कळलं होतं की तिला कळलंय. गप्प राहिलं असतं तर तिघांचंही निभावलं असतं. आई जिंकली असती, दादा सुटला असता आणि बेबी नेहमीसारखी थोर ठरली असती. बेबीला त्या थोरपणाचा वीट आला होता.

“आई, तो मीच केलेला आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” आई म्हणाली. “माझा हात गेलाय, जीभ नाही गेली.”

“मग असं का म्हणालीस?”

आई रुमालाचं टोक डाव्या हातानं चाचपत राहिली. तुम्ही दोघं आत काय बोलत होता ते मला सगळं ऐकू आलं, असं ती म्हणाली, आणि मग भिंतीकडे बघत बोलली.

“जाऊ नको म्हटलं असतं तर मी तुला अडवलं असं झालं असतं. मासा नीट नाही म्हटलं की तू आपणहून थांबतेस.”

बेबीला संताप यायला हवा होता आणि तो आलाही. इतकी वर्षं आपण फडक्यानं मासा टिपत होतो आणि ही आपल्याला टिपत होती, असं तिच्या मनात आलं. पण आईच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, नुसती भीती होती. आणि आजवर कधी जवळ न घेणाऱ्या, कधी बरं न बोलणाऱ्या या बाईनं तू मला हवीस हे आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं होतं, तेही असं, चोरी पकडली गेल्यावर. बेबीनं त्या शब्दांची लहानपणापासून वाट पाहिली होती. ते नेमके आजच यावेत?

मग दादा उठला. आत जाऊन त्यानं तो खाच पडलेला तुकडा आणला आणि हा माझा, असं सरळ सांगून आईपुढं धरला. आईनं तोंड उघडलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. नाक मुरडलं नाही, सगळा तुकडा मुकाट्यानं संपवला. मधूनच बेबीकडे बघायची आणि नजरानजर झाली की खाली बघायची.

“तू जा बेबी,” दादा ताटलीकडे बघत म्हणाला. “मी रोज येईन. शिकलो मी आता.”

तो हे मनापासून म्हणत होता, आणि येणारही होता. आई त्याच्या हातचं खाणारही होती. बेबीच्या वाटेत आता ना मासा होता ना दादा. तिनं आईच्या गळ्यातला रुमाल सोडला, हनुवटीवरचा लोण्याचा ओघळ पुसला, आणि आईनं आपला चालता हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला. धरला नाही, नुसता ठेवला. तो सहज बाजूला करता आला असता. सोमवारी आपण मालकांना नाही म्हणून सांगणार, हे बेबीला तेव्हाच कळलं, आणि या वेळी त्याचा दोष द्यायला घरात कुणीच उरलं नव्हतं.